काळवीट, कागद आणि कॅमेरा

‘गेम रिझर्व्ह’ या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू लागले, की भाषांतरकाराला एका जुन्या इतिहासास सामोरे जावे लागते. येथे ‘गेम’ म्हणजे खेळ नव्हे. ज्याची शिकार करावयाची ते जनावर, असा त्याचा अर्थ आहे. अशा जनावरांसाठी राखलेले रान ते गेम रिझर्व्ह. आणि ते राखावयाचे कोणाकरिता, तर मूळ कल्पनेप्रमाणे शिकाऱ्याकरिताच. आपल्या भाषेची कथाही फारशी निराळी नाही. मराठीत ‘शिकार’ हा शब्द मारण्याच्या कृतीलाही लागतो आणि मारल्या जाणाऱ्या जनावरालाही. संस्कृतातील ‘मृग्’ या धातूचा अर्थ माग काढणे, शोधणे असा आहे. ज्याचा माग काढावयाचा तो मृग, मग तो कोणताही रानपशू असो. म्हणूनच सिंह हा मृगेंद्र ठरला. पुढे मराठीत हा शब्द आकसत आकसत केवळ हरिणापुरता उरला. तमिळमध्ये मात्र ‘मिरुगम्’ म्हणजे आजही कोणतेही जनावर. इंग्रजी ‘डिअर’ या शब्दाची वाटचाल नेमकी आपल्या ‘मृगा’सारखी झाली आहे, त्याचा सख्खा भाऊ असलेला जर्मन ‘टिअर’ अजून सर्व प्राण्यांना पुरतो. माणसाने जनावराकडे प्रथम कोणत्या नजरेने पाहिले, याची साक्ष हे शब्द देतात. त्याच जनावराकडे कागद किंवा कॅमेरा घेऊन पाहणारी नजर कशी घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आफ्रिकेत ही नजर शिकाऱ्याच्या पावलावर पाऊल टाकूनच आली. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आणि आपला ‘सफर’ हे दोन्ही एकाच अरबी मुळापासून निघालेले आहेत. अर्थ प्रवास, एवढाच. त्या प्रवासाला बंदुकीचा वास पुढे लागला. कार्ल गेऑर्ग शिलिंग्स हा जर्मन गृहस्थ आज टांझानिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात हिंडला, तेव्हा त्याच्या सामानात बंदूक होती आणि रात्री स्फोटक चूर्ण पेटवून प्रकाश पाडण्याची साधनेही होती. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या नावातच प्रकाशझोत आणि बंदूक ही दोन्ही शेजारी शेजारी बसलेली आहेत. अंधारात पाण्यावर आलेले प्राणी त्यांच्या स्वाभाविक अवस्थेत जगाने प्रथम पाहिले ते बव्हंशी अशा चित्रांतून. भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने हेच तंत्र वाघासाठी वापरले. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर तार ताणावयाची, तारेला त्याचा पाय लागला की प्रकाश पडावयाचा आणि वाघाने स्वतःच स्वतःचे छायाचित्र घ्यावयाचे, अशी ही योजना होती. त्याचे पुस्तक १९२७ साली निघाले. आज आपल्या व्याघ्रप्रकल्पांत झाडांना बांधलेले जे कॅमेरे वाघांची मोजदाद करतात, ते तारेऐवजी उष्णता व हालचाल ओळखणारे यंत्र वापरतात इतकेच. कल्पना तीच आहे.

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर हे राष्ट्रीय उद्यान १९२६ साली स्थापन झाले. त्यापूर्वी त्याचा बराचसा भाग गेम रिझर्व्हच होता. आज अशा रानांतून चित्रकला आणि छायाचित्रण शिकण्यासाठी जगभरातून विद्यार्थी जातात. पहाटेच्या अंधारात उघड्या मोटारीतून निघावयाचे, सिंहापासून किंवा हत्तीपासून काही अंतरावर मोटार थांबवावयाची, यंत्र बंद करावयाचे आणि मग तासन्‌तास बसावयाचे, हा तेथील पाठ. प्राणी मोटारीला सरावतात. तिच्यातील माणसे त्यांना वेगळी अशी जाणवत नाहीत. परंतु त्यांतीलच एखादा माणूस खाली उतरून उभा राहिला, की कळप क्षणात उधळतो. मोटार ही तेथील चालती मचाण होय. आफ्रिकेच्या मोकळ्या गवताळ प्रदेशात हे सोपे जाते. दाट रानात तसे नाही.

तेथवर जाण्याचे द्रव्य सर्वांपाशी नसते, आणि त्याची तितकी आवश्यकताही नाही. चेन्नईतील वेस्ट मांबलमचा रहिवासी मांबलम स्थानकावर दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसला, तर सैदापेट मागे टाकून दुसऱ्याच स्थानकावर, गिंडीला उतरतो. तेथून जवळच सुमारे २.७ चौरस किलोमीटरचे गिंडी राष्ट्रीय उद्यान आहे. महानगराच्या पोटात असलेले असे राष्ट्रीय उद्यान विरळाच. त्यात काळवीट आहे, चितळ आहे, कोल्हा आहे. वेस्ट मांबलममध्ये लेक व्ह्यू रोड नावाचा रस्ता आजही आहे. ज्या तलावाचे दृश्य त्या नावात अडकून राहिले आहे, तो लाँग टँक म्हणून ओळखला जाणारा विस्तीर्ण तलाव १९२० नंतरच्या दशकात त्यागरायनगर वसविण्यासाठी आटवण्यात आला. तलाव गेला, नाव उरले. गिंडीचे रान मात्र, पुष्कळसे तोडले गेले असले तरी, अजून नावापुरते उरलेले नाही.

या नगरात वन्य प्राण्यांचे चित्र आणि छायाचित्र या दोन्ही विद्या एकाच माणसाने एकत्र आणल्या. त्यांचे नाव एम. कृष्णन. ते १९१२ साली जन्मले. वडील अ. माधवैया हे तमिळमधील आरंभीच्या कादंबरीकारांपैकी एक. बालपण मैलापूरमध्ये गेले. त्या काळचे मैलापूर म्हणजे झुडुपांचे माळ. तेथे कोल्हे होते आणि काळवीटही दिसत. प्रेसिडेन्सी कॉलेजात कृष्णन वनस्पतिशास्त्र शिकले. तेथील प्राध्यापक पी. एफ. फायसन हे निलगिरी व पळणीच्या डोंगरमाथ्यांवरील वनस्पतींचे मोठे अभ्यासक होते. त्यांच्या संगतीने कृष्णन निलगिरीत व कोडईकनालला हिंडले, आणि जलरंगांचे तंत्र फायसन यांच्या पत्नीकडून शिकले. प्राण्यांच्या चित्रकाराची पहिली शाळा वनस्पतिशास्त्राची असावी, हा योगायोग क्षुल्लक मानू नये. वनस्पतीचे शास्त्रीय चित्र काढणाऱ्याला पानांच्या कडेचे दाते मोजावे लागतात. पाकळ्या पाच असतील तर पाचच काढाव्या लागतात. ‘सुंदर दिसते म्हणून सहावी’ ही सवलत तेथे नसते. ही शिस्त हाताला एकदा लागली, की पुढे हरिणाचे खूर काढतानाही ती सुटत नाही.

पुढे १९४२ साली ते बळ्ळारीजवळच्या संडूर संस्थानात नोकरीस गेले, आणि शिक्षकापासून न्यायाधीशापर्यंत नाना कामे त्यांनी तेथे केली. संडूर हे घोरपडे घराण्याचे, म्हणजे कानडी मुलखातील मराठ्यांचे राज्य. त्या वेळी राजघराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे दहा-अकरा वर्षांचे होते. हे मुरारराव पुढे कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले. पण छायाचित्रकारांच्या जगात त्यांची ओळख वेगळीच आहे. त्यांची गणना देशातील अग्रगण्य वन्यजीव छायाचित्रकारांत होते, आणि १९८३ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘सनलाइट अँड शॅडोज’ ही रोजनिशी आजही जाणकार आवडीने पाहतात. संडूरचे लोहखनिजाचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याची झुडुपे यांनी दोन पिढ्यांच्या दोन छायाचित्रकारांना जवळ ठेवले, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कृष्णन यांचे सर्वांत मोठे कार्य वृत्तपत्रातून झाले. कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’मध्ये ‘कंट्री नोटबुक’ हे सदर त्यांनी १९५० पासून १९९६ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. सेहेचाळीस वर्षे! लेखासोबत कधी त्यांचे शाईचे रेखाचित्र असे, कधी छायाचित्र. लेखक, चित्रकार आणि छायाचित्रकार एकच असल्यामुळे मजकूर आणि चित्र यांत तडजोड करावी लागत नसे. जे वाक्याने सांगता येत नाही तेवढेच चित्राने सांगावे, अशी वाटणी त्यांना करता येई. छायाचित्रे त्यांनी कृष्णधवलच घेतली. रंगीत फिल्म सहज मिळू लागल्यावरही ते त्या वाटेला गेले नाहीत.

त्यांच्या कॅमेऱ्याविषयी आख्यायिकाच झाल्या. आसामातील चहामळेवाले व निसर्गअभ्यासक ई. पी. जी यांनी त्याचे मोठे विनोदी वर्णन करून ठेवले आहे. शरीर एका बनावटीचे, दूरचे भिंग दुसऱ्या बनावटीचे, आणि बाकीचे भाग मालकाने स्वतः जुळवलेले, असा तो अवजड जुगाड होता. कृष्णन त्याला ‘सुपर पॉन्डेरोसा’ म्हणत. ‘महाअवजड’ म्हटले तर नावातील थट्टा मराठीत उतरेल. तो खांद्यावर घेऊन ते पायी, आणि कधी वनखात्याच्या हत्तीच्या पाठीवरून, रानहत्तींच्या जवळ जात. महागडे यंत्र हाती आल्यावाचून हे काम होत नाही असे समजणाऱ्या नवशिक्यांनी हे यंत्र डोळ्यांपुढे आणावे.

आता विद्येच्या अंगाकडे वळू. वन्य प्राण्याचे छायाचित्र घेणे म्हणजे मुख्यतः अंतराशी झगडणे होय. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हेडिगर यांनी दाखवून दिले, की प्रत्येक प्राण्याची माणसापासून पळण्याची एक ठरावीक मर्यादा असते. ती ओलांडेपर्यंत तो चरत राहतो, ओलांडली की पळतो. गिंडीतील काळवीट समजा चाळीस मीटरपर्यंत येऊ देतो. त्याची खांद्याजवळील उंची सुमारे ८० सेंटिमीटर. साध्या कॅमेऱ्याचे भिंग ५० मिलिमीटर नाभ्यंतराचे असते. त्यातून या काळविटाची प्रतिमा फिल्मवर अवघी एक मिलिमीटर उंचीची पडेल. ४०० मिलिमीटरचे भिंग लावले, तर ती आठ मिलिमीटर होईल, म्हणजे २४ मिलिमीटर उंचीच्या चौकटीचा एक तृतीयांश भाग. दूरचे भिंग लागते ते याचसाठी. परंतु हे भिंग प्रतिमा जितकी मोठी करते, तितकाच हाताचा कंपही मोठा करते.

आणि प्राणी धावू लागला तर? ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारा काळवीट एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात सुमारे ३.३ सेंटिमीटर पुढे सरकतो. वरील अंतरावर व वरील भिंगाने फिल्मवरची प्रतिमा प्रत्यक्षाच्या शंभराव्या हिश्शाएवढी असते; तेव्हा तेवढ्या वेळात प्रतिमा सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर सरकेल. चित्र मोठे केल्यावर ही अस्पष्टता डोळ्यांत भरते. म्हणून जाणकार छायाचित्रकार प्राण्याच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवत नेतो आणि फिरवता फिरवताच कळ दाबतो. प्राणी स्पष्ट राहतो, मागचे गवत आडव्या रेघांत वाहून जाते. हे हाताला साधण्यास दिवस लागतात. घराजवळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलींवर त्याचा सराव करता येतो, आणि सायकलस्वार सहसा तक्रार करीत नाहीत.

काळविटाने छायाचित्रकारासाठी आणखी एक पेच घालून ठेवला आहे. पूर्ण वाढ झालेल्या नराची पाठ काळी किंवा गडद तपकिरी, पोट शुभ्र, आणि डोळ्याभोवती पांढरे कडे. दक्षिणेकडील नर बहुधा पुरते काळे होतच नाहीत. ते गडद तपकिरीवर थांबतात. प्रकाश मोजणारे यंत्र मात्र समोरचे सर्व काही मध्यम करडे आहे असे गृहीत धरून हिशेब करते. चौकट काळ्या पाठीने भरली, की यंत्राला वाटते येथे प्रकाश कमी आहे; ते जास्त प्रकाश आत घेते, आणि मग पाठ करडी होते, पोट नुसते कोऱ्या कागदासारखे पांढरे. भर उन्हात तर काळे आणि पांढरे यांतील अंतर इतके वाढते, की दोन्हींतील बारकावे एकाच चित्रात टिकत नाहीत. फिल्मवर काम करणारे सावलीतील तपशील आधी सांभाळत. आजच्या अंकीय कॅमेऱ्यात पांढरा भाग एकदा कोरा झाला की परत आणता येत नाही, म्हणून पांढऱ्याला आधी जपावे लागते. सकाळच्या तिरप्या, मऊ उन्हात हा प्रश्न आपोआप सौम्य होतो. रानात पहाटे जाण्याचे एक कारण प्राण्यांची दिनचर्या, आणि दुसरे हे.

रेखाटनाचा मार्ग निराळा आहे. कॅमेरा एक क्षण घेतो. रेखाटन करणारा अनेक क्षण गोळा करून त्यांतून एक आकृती जुळवतो. प्राणी स्थिर बसत नाही, ही नवशिक्याची पहिली तक्रार. पण तो त्याच त्या मुद्रांकडे पुन्हा पुन्हा वळतो, ही गोष्ट दोन-तीन सकाळी शांतपणे बसल्यावरच कळते. म्हणून एकाच कागदावर पाच-सहा अपुरी चित्रे सुरू ठेवावीत. मान खाली घातलेले एक, कान फिरवलेले दुसरे, मागे वळून पाहणारे तिसरे. हरिणाने ती मुद्रा पुन्हा घेतली, की त्या चित्रात आणखी दोन रेषा पडतात. सुरुवातीस खोडरबर घरी ठेवावे, हे उत्तम.

मात्र नुसते पाहून भागत नाही. काय पाहतो आहोत हे ठाऊक असावे लागते. हरिणाच्या मागच्या पायात अर्ध्या उंचीवर जो सांधा मागे वळलेला दिसतो, त्याला पुष्कळ लोक गुडघा समजतात व चित्रात पाय उलटा मोडतात. तो गुडघा नव्हे, टाच होय. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेशी कातडीत दडलेला असतो, आणि हरीण दोन बोटांच्या नखांवर, म्हणजे खुरांवर, सदैव चवड्यावर उभे असते. हे एकदा समजले, की हात आपोआप बरोबर चालू लागतो. गिंडीत चितळ व काळवीट जवळजवळ दिसत असल्यामुळे दुसरा एक धडाही तेथेच मिळतो. चितळाची शिंगे फांद्यांची, भरीव हाडाची, गळून पुन्हा येणारी. नवी असताना त्यांवर मखमली कातडे असते आणि त्यांची कड मऊ दिसते. काळविटाची शिंगे आत हाडाचा गाभा व वर शृंगाचे वेष्टण असलेली, वलयांकित, मळसूत्राप्रमाणे पिळलेली आणि जन्मभर टिकणारी; त्यांची कड चित्रात धारदारच हवी. मराठीतील ‘हरीण’ व तमिळमधील ‘मान’ हे शब्द दोघांनाही पुरतात. पेन्सिलीला मात्र हा फरक गिळून चालत नाही.

छायाचित्राने चित्रकाराला काय शिकवले, याचे नामांकित उदाहरण घोड्याचे आहे. चौखूर उधळलेला घोडा चारही पाय पुढेमागे ताणून हवेत तरंगतो, असे शतकानुशतके चित्रकार दाखवीत आले. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची क्रमवार चित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे खरे निघाले. पण तो क्षण पाय ताणलेले असतानाचा नसून पोटाखाली गोळा झालेले असतानाचा आहे, असे दिसून आले. नुसत्या डोळ्याला हे कधीच दिसले नसते. तरीही एक सांगावेसे वाटते. मायब्रिजची एकेक सुटी चौकट पाहिली तर घोडा अडखळल्यासारखा भासतो. वेगाचा भास जुन्या चित्रकारांच्या ‘चुकीच्या’ घोड्यात अधिक आहे. शास्त्राचे सत्य आणि नजरेचा अनुभव यांचा मेळ घालणे, हेच या कलेतील अवघड काम आहे.

मराठी भाषकांना ही कला परकी नाही. नुरेंबर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूररने १५१५ साली गेंड्याचे जगप्रसिद्ध चित्र काढले. पण तो गेंडा त्याने पाहिला नव्हता. लिस्बनला आलेल्या भारतीय गेंड्याचे वर्णन व एक कच्चे रेखाटन एवढ्यावर त्याने चित्र रचले, त्याला चिलखताचे पत्रे चढवले आणि खांद्यावर नसलेले एक लहान शिंगही बसवले. युरोप पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ ते शिंग खरे मानत राहिला. याच्या उलट, पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. गंगाराम चिंतामण तांबट या पुणेकर चित्रकाराने १७९० साली तेथील गेंडा समोर पाहून रेखाटला. रेसिडेंट चार्ल्स मॅलेट व चित्रकार जेम्स वेल्स यांच्याशी तांबटांचा निकटचा संबंध होता. वेरूळच्या लेण्यांची रेखाटनेही त्यांनी केली. तो गेंडा आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. बंदिस्त जनावराचे का होईना, पण ते पाहून काढलेले चित्र आहे. त्यात खांद्यावर शिंग नाही.

तंजावरचे सरफोजी राजे, ज्यांचे तरुणपण काही काळ मद्रासेत गेले, त्यांनीही आपल्या दरबारी चित्रकारांकडून पक्षी, प्राणी व वनस्पती यांची चित्रे काढून घेतली. त्यांपैकी काही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आणि आपल्या काळाजवळ यावयाचे तर व्यंकटेश माडगूळकर. कथाकार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण हाती रेखाटनाची वही घेऊन नागझिऱ्याच्या अरण्यात राहणारे माडगूळकर तितकेच महत्त्वाचे आहेत. त्यांचे गद्य वाचताना पुष्कळदा वाटते, की वाक्याआधी रेषा आली असावी.

पुन्हा गिंडीकडे वळू. काळविटाला तमिळमध्ये ‘वेळिमान’ असे नाव आहे. ‘वेळि’ म्हणजे उघडी, मोकळी जागा. चितळ हा ‘पुळ्ळिमान’, ठिपक्यांचा. त्याचे नाव कातडीवरून पडले. काळविटाचे मात्र राहण्याच्या जागेवरून. ज्या लोकांनी हे नाव ठेवले त्यांनी त्या प्राण्याचे परिस्थितिविज्ञान एका शब्दात सांगून टाकले. काळवीट उघड्या माळावर राहतो. दूरवर पाहतो, आणि संकट दिसताच वेगावर भिस्त ठेवतो. नर आपली जागा राखतो, ठरावीक ठिकाणी लेंड्यांचे ढीग घालतो, आणि मादीसमोर नाक वर करून, शिंगे पाठीवर टेकवून, कान खाली पाडून मिरवत चालतो. हे लेंड्यांचे ढीग ज्याला वाचता येतात, त्याला उद्या सकाळी कोठे बसावे हे विचारावे लागत नाही. झुडुपे माजली, की ही सर्व व्यवस्था कोलमडते. गिंडीत पूर्वी पोलोचे मैदान म्हणून ओळखला जाणारा गवताळ पट्टा काळविटासाठी म्हणूनच मोलाचा आहे. विलायती बाभळीसारख्या बाहेरून आलेल्या झाडांनी मोकळी जागा गिळली, तर त्याचा फायदा चितळाला होतो, काळविटाला नाही.

आणि जागा तरी किती? १८२१ साली सरकारने गिंडीचा बंगला व भोवतालची जमीन गव्हर्नरासाठी विकत घेतली. शिकारीच्या राखीव रानासारखे वापरले गेलेले हे अरण्य एकेकाळी सुमारे ५०० हेक्टर होते. स्वातंत्र्यानंतर त्यातून जमिनी दिल्या गेल्या. १९५९ साली स्थापन झालेली आय.आय.टी. याच रानाच्या मोठ्या भागावर उभी आहे. पुढे नेत्यांची स्मारके व इतर संस्था आल्या. १९७८ साली उरलेल्या भागास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. या संस्थांची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. पण प्रत्येक वेळी जी जमीन ‘रिकामी’ म्हणून दिली गेली, ती वेळिमानाची वेळि होती. आय.आय.टी.च्या आवारात काही काळवीट आजही चरताना दिसतात. मोकळ्या मैदानाची आणि भटक्या कुत्र्यांची चिंता त्यांना बाहेरच्यांपेक्षा कमी नाही.

अशा ठिकाणी चित्र हे केवळ शोभेची वस्तू राहत नाही, पुरावा होते. १९६८ साली जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाल्यावर कृष्णन यांनी द्वीपकल्पीय भारतातील मोठ्या सस्तन प्राण्यांची पाहणी केली. तिचा ग्रंथ मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९७५ साली काढला; १९५९ ते १९७० या काळात कोणता प्राणी कोठे आणि कोणत्या स्थितीत होता, हे त्यात नोंदलेले आहे. ज्याने हत्तीचे चित्र घेतले त्यानेच त्याच्या रानाची नोंद केली, म्हणून त्या छायाचित्रांना आजही किंमत आहे. उलट, पाळीव किंवा कोंडलेल्या प्राण्याचे चित्र रानातील म्हणून खपवणे, आमिष बांधून बिबट्याला उजेडात आणणे, ध्वनिमुद्रित हाक ऐकवून पक्ष्याला घरट्यावरून उठवणे, हे प्रकार छायाचित्रणाच्या जगात होत आले आहेत. आता तर संगणक कधी न जन्मलेल्या वाघाचे हुबेहूब चित्र क्षणात तयार करतो. ड्यूररच्या गेंड्याच्या खांद्यावरचे शिंग आज हजारो ठिकाणी पुन्हा उगवू लागले आहे, आणि ते ओळखणे पूर्वीइतके सोपे नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. गिंडीच्या गाभ्यात वनखात्याच्या अनुमतीवाचून जाता येत नाही. पण लगतचे बालोद्यान सर्वांना खुले आहे, आणि हात बसवण्यासाठी तेथील पक्षी व हरणे पुरेशी आहेत. हिवाळ्यात चेन्नईच्या नैर्ऋत्येस वेडंतांगलच्या तलावावर बगळे, चमचे व चित्रबलाक घरटी करतात. तेथील गावकरी पिढ्यान्‌पिढ्या या पक्ष्यांना राखत आले आहेत, कारण पक्ष्यांच्या विष्ठेने सुपीक झालेले तलावाचे पाणी त्यांच्या शेतांना मिळते. झाडे पाण्यात व पक्षी झाडांवर असल्यामुळे बांधावरून, कोणालाही न हुसकावता, तासन्‌तास रेखाटता येते.

वहीच्या प्रत्येक पानावर आणि प्रत्येक छायाचित्राच्या मागे ठिकाण, तारीख, वेळ, उन्हाची दिशा आणि प्राणी काय करीत होता, एवढे लिहावे. प्राण्याला खाऊ घातला असेल, तो कोंडलेला असेल किंवा चित्रात नंतर काही बदल केला असेल, तर तेही त्याच ओळीत लिहावे. शाई पक्की वापरावी. दमट हवेत चेन्नईत बाकी सर्व शाया दोन पावसाळ्यांत पसरतात.